दहा बोटांची डचेस

न्यूयॉर्क, ७ मे २०१८

ती. व्हर्डेलमावशीस कॉर्नेलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर नीट ऐकू येत नाही हे तुझं नुसतं निमित्त आहे. पत्र लिहिलं की माझ्या अक्षरावर शेरे मारायला मिळतात, हे खरं कारण. म्हणून या खेपेला सावकाश लिहितोय. वाचता येईल.

मावशी, चित्र टांगलं. आपल्या बाल्टिमोरच्या त्याच म्युझियममध्ये, जिथे फुकट प्रवेशाच्या दिवशी तू रेनेटाताईला आणि मला न्यायचीस आणि पहारेकरी आपल्यामागे दालनातून दालनात फिरायचा. वरच्या मजल्यावर सोनेरी चौकटीतली ती जुनी फ्लेमिश डचेस आठवते ना? तिच्या बरोबर समोरच्या भिंतीवर आता तू आहेस. खुर्ची तिच्यासारखीच, मान तशीच ताठ, हात तसेच मांडीवर. फक्त तिच्या मागे बाग आहे आणि तुझ्या मागे आपल्या घराच्या पांढऱ्या पायऱ्या. तिच्या मुकुटाच्या जागी तुझी ईस्टरची जांभळी हॅट. त्या अख्ख्या दालनात आजवर आपल्या काळ्या माणसाचा चेहरा होता तो तबक धरून मागे उभा असलेल्याचा. आता खुर्चीत बसलेली एक आहे, आणि ती माझी मावशी आहे. म्युझियमने चित्र कायमचं विकत घेतलंय, म्हणजे तू तिथून हलणार नाहीस.

ऑक्टोबरात तू तीन दिवस बसलीस तेवढ्यात चेहरा आणि हॅट झाली होती. बाकीचं मी इथे स्टुडिओत पुरं केलं.

शनिवारी मदर्स डेच्या निमित्ताने तुमचं अख्खं चर्च बस करून चित्र बघायला जाणार, असं ताईने कळवलं. मला मात्र त्या दिवशी येता येणार नाही. एक मोठं गिऱ्हाईक स्टुडिओत यायचंय, तारीख बदलता येत नाही. चर्चमधल्या मदर पिंकनींना सांग, की त्यांच्या हॅटचंही चित्र काढीन, फक्त तेवढा मोठा कॅनव्हास मिळाला पाहिजे.

गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावरचा तुझा लोभ चित्र बघून झाल्यावरही असाच राहू दे.

तुझा,
कॉर्नेल

०

बाल्टिमोर, १५ मे २०१८

चि. कॉर्नेल यास रेनेटाचे अ. आ., वि. वि.

थोरली आहे म्हणून आशीर्वाद लिहिले. मनातून आज ते निघत नाहीयेत. चार दिवस फोन करतेय. माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस हे मला कळतं. पत्र मात्र उघडशील, कारण मावशीने आपल्याला तशी सवय लावलीय.

शनिवारी आम्ही बेचाळीस माणसं गेलो. बायकांच्या हॅटांनी बस अशी भरली होती की ड्रायव्हरला आरशातून मागचं काही दिसेना. पाळकसाहेबांनी म्युझियमच्या पायऱ्यांवरच प्रार्थना केली. मावशी सगळ्यांत पुढे. जांभळी हॅट, पांढरे हातमोजे, अगदी चर्चच्या दारावर येणाऱ्यांना जागेवर बसवायला अशर म्हणून उभी राहते तशी. हातमोजे नेहमीप्रमाणे मीच तयार करून दिले होते. दोन रिकामी बोटं आत दुमडून टाके घालायचे हे काम दर ईस्टरला माझ्याकडेच असतं, तुला कदाचित माहीत नसेल.

चित्रासमोर गेलो आणि पहिल्यांदा सगळे ओरडलेच. चेहरा तिचाच आहे, त्यात वाद नाही. त्या डोळ्यांनी मला लहानपणी खूप वेळा घाबरवलंय. चर्चचे डीकन होलिस रडायला लागले. मावशी हॅट सावरत उभी राहिली. मग मदर पिंकनी जवळ गेल्या, चष्मा लावला आणि मोठ्याने विचारलं, की व्हर्डेल, हे हात कुणाचे गं?

मग सगळ्यांनीच बघितलं. मांडीवर ठेवलेले दोन नाजूक, लांबसडक, मऊ हात. गोरे म्हणत नाही, रंग आपलाच दिलायस. पण आयुष्यात एक ताट घासलेलं नाही असे हात. आणि त्यांना दहा बोटं. लाँड्रीतल्या चादरी इस्त्री करणाऱ्या रोलरने तिची दोन बोटं नेली हे त्या बसमधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा याच माणसांनी दोन महिने आपल्या घरी जेवण पोचवलं होतं.

कॉर्नेल, मला वाटलं जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. आणि मग मावशी हसली. म्हणाली, की मीच सांगितलं होतं त्याला. डचेस करायचं तर पुरती कर, अर्धवट काम मला चालणार नाही.

झालं, सगळे हसले. परतीच्या बसमध्ये तिला डचेसबाई म्हणून हाका मारणं सुरू झालं. डचेसबाईंना खिडकी द्या, डचेसबाईंना सँडविच आधी द्या. ती हसून घेत होती. घरी आल्यावर हॅट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिली. मी क्रॅबच्या वड्या तळल्या, तिने एक खाल्ली.

मला एवढंच सांग. तिने तुला खरंच तसं सांगितलं होतं का? खरं लिही.

मुलं तुझी आठवण काढतात. आहे तेवढी माया सांभाळ, वाढवायची घाई नाही.

रेनेटा

०

न्यूयॉर्क, २० मे २०१८

प्रिय ताईस, स. न. वि. वि.

तिने काहीही सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा मी तुला दोन पानं आमच्या धंद्याबद्दल लिहिली आणि फाडून टाकली. त्यात असं होतं, की जुने युरोपी चित्रकारही चेहऱ्यासाठी राणीला बसवायचे आणि हातांसाठी दुसऱ्या कुणालातरी, कारण राणीला तेवढा वेळ नसे. मीही तेच करतो. रस्त्यात भेटलेल्या माणसाला विचारतो, चेहरा काढून घेतो, त्याला त्याच्या कामाला जाऊ देतो आणि हातांसाठी जोनेल नावाची एक कॉलेजातली मुलगी येऊन बसते. आजवर कुणी तक्रार केली नाही. हे सगळं खरं आहे आणि त्याचा इथे काही उपयोग नाही. मावशी तीन दिवस माझ्यासमोर मोजे घालून बसली होती. काढ म्हणायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं नाही, आणि संध्याकाळी ती उठून गेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

आता तुला जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आठवीत मला चित्रकलेचं बक्षीस मिळालं तेव्हा तू नर्सिंगच्या होस्टेलवर होतीस. आदल्या दिवशी मी मावशीला म्हणालो, की तू येणार असशील तर हातमोजे घालून ये. बाकीच्या मुलांच्या आया येणार आहेत. ती बरं म्हणाली. चर्चचे पांढरे मोजे घालून आली, सगळ्यांशी हात मिळवले, टाळ्या वाजवल्या. त्या दिवसानंतर मी तिला घराबाहेर मोज्यांशिवाय पाहिलेलं नाही. तुम्ही सगळे समजता ती चर्चची शिस्त. ती माझी मागणी आहे.

तेरा वर्षांचा होतो असं म्हणून मी बरीच वर्षं काढली. आता एकेचाळीस वर्षांचा आहे आणि पुन्हा तेच केलं, या वेळी सोनेरी चौकटीत. तिला त्या डचेसच्या खुर्चीत बसवायला निघालो होतो आणि शेवटी डचेसचेच हात आणून तिच्या मांडीवर ठेवले. शनिवारी कुठलंही गिऱ्हाईक येणार नव्हतं. तुम्ही चित्र बघाल तेव्हा तिथे उभं राहायची हिंमत नव्हती.

म्युझियमला पत्र लिहितोय, की हात पुन्हा रंगवू द्या. तोवर मावशीला यातलं काही बोलू नकोस, तुला हात जोडतो.

शिव्या दे, पण पत्र पाठवत राहा.

कॉर्नेल

०

बाल्टिमोर, २८ मे २०१८

चि. कॉर्नेल यास अ. आ., वि. वि.

तुझं पत्र हॉस्पिटलच्या जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि जेवले नाही. आठवीतली गोष्ट वाचून मला तुझा राग आला नाही, तेरा वर्षांची पोरं असली असतात. ऑक्टोबरातल्या तीन दिवसांचा आला.

आता इथलं ऐक. गंमत म्हणून सुरू झालेलं डचेस प्रकरण आता गमतीचं राहिलेलं नाही. गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी दिखाऊपणावर उपदेश केला. नाव घेतलं नाही, पण देवाने जे ठेवलंय त्याची लाज वाटणाऱ्यांबद्दल बोलताना दाराकडे बघितलं. मदर पिंकनी अशर मंडळाच्या बैठकीत म्हणाल्या, की जी बाई स्वतःचे हात लपवून परक्याचे मिरवते तिने देवाच्या दारात उभं राहून लोकांचं स्वागत काय करावं? मावशी समोरच बसली होती. म्हणाली, बरोबर आहे. एकतीस वर्षं ती त्या दारावर उभी आहे, कॉर्नेल. एक हात पाठीमागे, दुसऱ्याने खूण, बस म्हणायची, थांब म्हणायची, पंखा दे म्हणायची. कुणाच्या घरी मयत झालं तर त्या माणसाला कुठे बसवायचं हे तिला न सांगता कळतं. आता ती जूनअखेर सेवा सोडायचं म्हणतेय. कारण विचारलं तर गुडघे.

ती खरं सांगणार नाही. सांगितलं तर तू उघडा पडशील.

म्युझियमला पत्रबित्र लिहू नकोस. तू आता हात बदललेस तर लोक म्हणणार, की बोलणी बसल्यावर डचेसबाईंनी बदलून घेतले. तिच्या नावावर आणखी एक. ज्या माणसांसमोर तिने तुझं झाकलं त्याच माणसांसमोर तुला उभं राहावं लागेल. दहा जूनच्या उपासनेत साक्षीची, म्हणजे कुणीही उठून आपलं सांगायची, वेळ आहे. ये, उठ आणि सांग. माझी त्या दिवशी ड्यूटी आहे, बदलून मिळत नाही, तेव्हा माझ्या पदराआड बसता येणार नाही. ते बरंच झालं.

राजे-उमराव रंगवणाऱ्याला एवढं जमायला हरकत नाही. आलास तर माझा लोभ आहे, नाही आलास तर मग बघू.

रेनेटा

०

न्यूयॉर्क, १२ जून २०१८

ती. मावशीस कॉर्नेलचा सा. न. वि. वि.

परवा तुला न भेटता, न जेवता बाजूच्या दाराने निघून आलो. आधी त्याची माफी मागतो. स्टेशनवर गाडीला दोन तास होते. तेवढा वेळ बाकावर बसून काढला, पण मागे फिरलो नाही.

मी उठलो तेव्हा बोलायचं सगळं पाठ केलं होतं. मी कोण हे सगळ्यांना माहीतच होतं. म्हणालो, की चित्रातले हात मावशीने मागितले नव्हते. तिने कधीच काही मागितलेलं नाही. आमची आई गेल्यावर तिने आम्हा दोघांना घरी आणलं, दोन माणसांचं खाणं वाढलं म्हणून लाँड्रीत दुसरी पाळी धरली, आणि त्या दुसऱ्या पाळीत रोलरने तिच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. ती बोटं आमच्यापायी गेली. आणि मी त्या उजव्या हाताची लाज धरली, शाळेत असताना धरली आणि आता चित्रातही धरली. म्युझियममध्ये ती जे म्हणाली ते मला झाकायला म्हणाली.

एवढं बोलेपर्यंत लोकांच्या हातातले पंखे थांबले होते. एरवी कुणी साक्ष देतं तेव्हा मंडळी हो म्हणते, बोल बाळा म्हणते, तसं कुणीच काही म्हणेना. आठवीतल्या बक्षिसाचं सांगायला तोंड उघडलं आणि समोर मधल्या वाटेवर तू दिसलीस. पांढरा मोजा वर आला, तळवा खाली. बस.

मी बसलो. मावशी, तेच तुला लिहायचंय. मी लगेच बसलो आणि मला बरं वाटलं. उरलेलं सांगावं लागणार नाही म्हणून बरं वाटलं. तू पुन्हा मला वाचवलंस हे मला कळलं, आणि मी पुन्हा वाचवून घेतलं. त्याची लाज बाकीच्या सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

उरलेली गोष्ट तुला माहीत आहे. त्या शाळेतल्या मोज्यांची. तुझ्यासमोर तिचा उच्चार करायला मला अठ्ठावीस वर्षं लागली आणि तोही पत्रातच. तू सेवा सोडू नकोस. मदर पिंकनींना मी वेगळं पत्र लिहीन, पाळकसाहेबांनाही. काय केलं तर भरून निघेल ते तू सांग, मी करीन.

रागावलीस तरी चालेल, परकं करू नकोस.

तुझा,
कॉर्नेल

०

बाल्टिमोर, १७ जून २०१८

चि. कॉर्नेल यास व्हर्डेलमावशीचे अ. आ., वि. वि.

अक्षर या वेळी बरं होतं.

मदर पिंकनींना आणि पाळकसाहेबांना काही लिहू नकोस. लिहायला आता काही उरलेलं नाही. तू साक्ष दिलीस, ते ठीक केलंस. उभं राहायला धीर लागतो, मी एकतीस वर्षं लोकांना उभं राहताना बघतेय, माझ्याएवढं कुणाला माहीत नाही. त्याबद्दल मला तुझं बरं वाटलं, आणि ते आधी लिहिते, कारण पुढचं तुला आवडायचं नाही.

मी तुला वाचवायला बसवलं नाही.

तू उजवा म्हणालास. डावा आहे, बाळा. तू एकदा म्हणालास तेव्हा मला वाटलं, घाबरलाय, जीभ घसरली. दुसऱ्यांदाही तू उजवाच म्हणालास. पंखे कशाने थांबले असं तुला वाटलं? तुझ्या धीराने? त्या बाकांवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. डीकन होलिसना माहीत आहे, त्यांना आपल्या नातवंडांची नावं आठवत नाहीत. उजव्या हाताने मी खुणा करते, अर्पणाची थाळी देते, मुलांच्या डोक्यावरून फिरवते, आणि डावा पाठीमागे ठेवते. मदर पिंकनींनी तुला सुधारायला तोंड उघडलं होतं, मी बघितलं. भर उपासनेत माझ्या मुलाला कुणी माझा हात कुठला ते सांगावं, हे मला सोसलं नसतं. म्हणून बसवलं. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी.

तू गेल्यावर खालच्या हॉलमध्ये जेवण झालं. कुणीही त्याबद्दल अक्षर काढलं नाही. मदर पिंकनींनी स्वतः माझं ताट वाढून आणलं, चिकन आणि रताळ्याची गोड पाई, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, की व्हर्डेल, दार तुझंच आहे. तेव्हा मी सेवा सोडत नाहीये. डचेसबाई आता कुणी म्हणत नाही. सगळे माझ्याशी फार जपून, फार गोड बोलतात, आणि खरं सांगू का, मला डचेसबाईच बरी वाटत होती. दिखाऊ म्हातारी म्हणाले तर मी मान ताठ ठेवू शकते. आता त्यांना माझी दया येते. तुला वाढवलं मी आणि दया माझी.

रात्री अंथरुणात मी तुझी बाजूही घेऊन बघितली. समोरून बघणाऱ्याला माझा डावा हात त्याच्या उजवीकडे दिसतो, हे आहे. ऑक्टोबरात तू समोर बसला होतास, लहानपणी जेवायलाही समोरच बसायचास. पण रेनेटाही समोरच बसायची.

शाळेतल्या मोज्यांचं तू इतकी वर्षं उराशी धरून बसलास. ते मी कधीच सोडून दिलं होतं. तेराव्या वर्षी मलाही माझ्या आईची लाज वाटायची, ती खेकडे सोलायला जायची आणि तिच्या कपड्यांना वास यायचा. तेव्हाच तू येऊन सांगितलं असतंस तर मी कान धरला असता आणि रताळ्याची पाई खायला दिली असती. मोजे मी तुझ्यामुळे घातले हे खरं. पुढे सवय झाली, थंडीत बरे पडतात. ते नव्हे माझं दुखणं.

मला लागलं ते वेगळंच. त्या मेलेल्या डचेसच्या हातांसमोर तू महिनोन्‌महिने बसलास. हातांसाठी बसलेल्या त्या जोनेल मुलीचं (रेनेटाने आता सांगितलं मला) एकूणएक नख तू बघितलंस, चित्रात दिसतं ते. माणसांकडे बघणं हेच तुझं काम, त्यावर तुझं नाव झालं, पेपरात येतं, मी कापून ठेवते. आणि ज्या हाताने तुला पोसलं तो कुठला हे तुला सांगता आलं नाही. तू लाज लाज म्हणतोस. लाज वाटायला आधी एकदा नीट बघावं लागतं. तू बघितलंच नाहीस, आणि हे मला तुझ्याच तोंडून, सगळ्यांच्या देखत कळलं.

चित्र आहे तसं राहू दे. ती बाई सुरेख आहे. मी ती नाही, पण सुरेख आहे, आणि त्या दालनात कुणीतरी बसलेलं बरं.

काय करू विचारलंस. येत्या गुरुवारी मला काही काम नाही. सकाळच्या गाडीने ये. कॅनव्हास आणू नकोस, रेखाटायचा कोळसा आणू नकोस, कॅमेरा तर नकोच. मी डाव्या हाताने काही करत असेन, बटाटे सोलत असेन किंवा भांडी विसळत असेन. तू खुर्ची घेऊन माझ्या शेजारी बसायचं, समोर नाही. माफी मागायची नाही आणि चित्राबद्दल बोलायचं नाही. नुसतं बघायचं. किती वेळ ते मी सांगेन.

गुडघ्यांना तेल लावते. आल्यावर जिन्यावरून पळत येऊ नकोस, खालच्या मजल्यावरच्या बाई आजारी आहेत.

तुझी,
व्हर्डेलमावशी